हेलिकॉप्टरचं वऱ्हाड

लग्न डोंगरावर करायचं असं मुलगी म्हणाली तेव्हा मी लगेच हो म्हटलं. आमच्या भागात डोंगरावर देव आहेत आणि देवापुढं लग्नं होतात, त्यात मला वेगळं काही वाटलं नाही. मग ती म्हणाली, "आणि वर जायचं हेलिकॉप्टरनं." मी बायकोकडं बघितलं. ती सोप्यात बसून चवळी निवडत होती. तिनं मान वर केली नाही, पण म्हणाली, "त्यापरीस रॉकेटच सांगा म्हनावं."

मुलगी दिवाळीला पुण्याहून आली होती. तिथं ती एका औषधाच्या कंपनीत नोकरीला आहे. आम्हांला ही एकच. तिनं आपलं लग्न आपणच ठरवलं होतं आणि ते आम्ही मान्यही केलं होतं, म्हणजे बायकोनं मनापासून आणि मी तोंडानं. मुलगा धारवाडकडचा, घरात कन्नड बोलणारा. माझ्या मनात खानापूर भागातलं, नात्यागोत्यातलं एखादं स्थळ होतं. आमचं मूळ गाव तिकडचं, रामनगरला माझे वडील येऊन राहिले. शिवाय हा मुलगा नेमकं काय करतो तेही मला कळलेलं नव्हतं. पुण्याला हेलिकॉप्टर दुरुस्त करतो एवढंच ठाऊक. मी सगळी नोकरी सरकारी बसवर कंडक्टर म्हणून काढली. बस दुरुस्त करणारी माणसं मला माहीत होती, ती डेपोत गाडीखाली उताणी झोपलेली असत. हेलिकॉप्टरच्या खाली कोण कसा झोपत असेल, काही डोळ्यांसमोर येईना.

हेलिकॉप्टर कुठून मिळालं तेही मुलीनं सांगितलं. तो ज्यांच्याकडं कामाला होता त्या मालकांनीच म्हटलं होतं, लग्नाला एक दिवस मशीन घेऊन जा, हाच माझा आहेर. मग या दोघांनी बसून बेत केला. माथ्यावर मोजकी माणसं, देवासमोर अक्षता, आणि खाली येऊन सगळ्या गावाला जेवण.

"पण डोंगरच कशाला?" मी विचारलं.

"तुमची सुट्टी असली की आपण गुरं घेऊन वर जायचो ना, बाबा? लग्न म्हटलं की मला तोच माथा दिसतो."

मग मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं.

आमच्या घरामागचा डोंगर फार उंच नाही, पण चढ खडा आहे. वर जांभ्या दगडाचा सपाट सडा आणि सड्याच्या कडेला देवाचा एक उभा दगड. त्यावर छप्पर नाही. देवाला ते चालत नाही म्हणतात. बायको लग्न होऊन या घरात आली तेव्हा दरवर्षी वर जायची. पण भातलावणीत वाकून वाकून तिचे गुडघे गेले आणि गेली कित्येक वर्षं ती खालूनच हात जोडते. म्हणजे लग्न वर झालं तर नवरीच्या आईला हेलिकॉप्टरमधे बसल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ही गोष्ट तिच्या ध्यानात दुसऱ्या दिवशी आली आणि मग तिची झोपच उडाली.

"मी खाल्तीच ऱ्हाते," ती म्हणाली. "सैपाकाकडं कुनीतरी बगाय नको?"

"आई, तू नसलीस तर मी लग्नच करणार नाही," मुलगी म्हणाली.

"मग नको करूस," बायको म्हणाली, आणि उठून गोठ्यात गेली. आमच्याकडं लाडाचं भांडण असंच असतं.

डिसेंबरात जावई जागा बघायला आला. तेव्हा तो अजून जावई व्हायचा होता. बेळगावच्या सकाळच्या बसनं उतरला. पाठीला सॅक, हातात मोठा टेप आणि नारंगी कापडाची एक लांब पिशवी, दोन्हीकडं तोंड उघडं. बायकोनं ती हातात घेऊन बघितली आणि मला हळूच म्हणाली, "फाटकीच पिशवी घिऊन आल्यात." त्यानं ते ऐकलं. हसून म्हणाला, "अत्ती, हे काठीला बांधायचं. वारा कुठनं येतंय ते कळतं." लग्नाआधीच कन्नडमधे 'अत्ती', म्हणजे सासूबाई, म्हटल्यावर बायको तिथंच विरघळली. मी काही एवढ्यात विरघळणार नव्हतो.

आम्ही दोघं डोंगर चढायला लागलो. मी पुढं, तो मागं. निम्म्या वाटेपर्यंत आमच्यात एक शब्द झाला नाही. त्याचं मराठी बेळगावकडचं, म्हणजे 'मी जेवण केलो', 'मी बघितलो' असलं. ते ऐकून मला नोकरीतले दिवस आठवायचे, कारण आमचा अर्धा डेपो असंच बोलायचा. पण मी ते त्याला सांगितलं नाही.

माथ्यावर पोचल्यावर तो एकदम कामाला लागला. टेप धरायला मला उभं केलं. सडा आडवा मोजला, उभा मोजला. काठीला पिशवी बांधली आणि ती कुठं फुगते ते बघत राहिला. मग खाली बसून हातानं गवत चाचपलं.

"मामा, हे गवत कापायला पाहिजे. सुटे दगड तर एक पण ठेवायचं नाही. पंखा फिरायला लागला की दगड उडतंय, माणसाला लागतंय."

"आणि देवाचा दगड?"

तो देवाकडं गेला, अलीकडंच चप्पल काढली, आणि हात लावून बघितला. "हा देव हलत नाही मामा. हेलिकॉप्टर हलंल, देव नाही हलणार."

मला बरं वाटलं. तोवर ऊन वर आलं होतं. बायकोनं तांदळाच्या भाकरी आणि सुकी चटणी बांधून दिली होती, ती सोडून आम्ही दगडावर बसलो. खाता खाता मी कामाचं विचारलं, "पॅसेंजर किती बसतील?"

"पायलट सोडून पाच. वजन जास्त झालं तर चार."

"म्हणजे नवरा, नवरी, नवरीची आई, मामा..." मी बोटांवर मोजायला लागलो. नवरीला बोहल्यावर मामानं आणायचं असतं, त्यामुळं माझ्या मेव्हण्याला टाळता येत नव्हतं.

त्यानं भाकरीचा तुकडा परत फडक्यावर ठेवला. मग म्हणाला, "मामा, एक सांगू काय? मी चालत येतो."

"का?"

"मला हेलिकॉप्टरमधे उलटी होते."

मी त्याच्याकडं बघत राहिलो. तो खरं सांगत होता. दुरुस्ती केल्यावर मशीन उडवून बघतात तेव्हा एखाद्याला बरोबर बसावं लागतं. सुरुवातीला तो बसायचा आणि प्रत्येक वेळी पिशवी भरून खाली उतरायचा. शेवटी बाकीच्यांनी त्याला जमिनीवरच ठेवलं.

"तिला ठाऊक आहे?"

"नाही. तिला वाटतंय मी रोज उडतो."

मला हसू आवरेना. तोही हसायला लागला. मग मी त्याला माझ्या नोकरीतलं सांगितलं. जोयड्याच्या बाजूला रस्ते असे वळणाचे की बस सुटली की मागच्या सीटवरून हाका सुरू व्हायच्या. बाजारकुणंगच्या फेरीला तर मी लिंबं आणि जुन्या पिशव्या जवळ ठेवूनच निघायचो. ज्याला त्रास होतो त्याला पुढच्या सीटवर बसवायचं, खिडकी उघडायची, समोर लांब बघायला सांगायचं. तिकीट फाडता फाडता मी किती जणांच्या पाठीवरून हात फिरवला असेल याचा पत्ता नाही. तो सगळं मन लावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मामा, तुम्ही आमच्याकडं कामाला पाहिजे होता."

उतरताना तो पुढं होता आणि मी मागं, आणि बोलणं काही थांबलं नाही.

त्यानंतर परवानग्यांची धावपळ सुरू झाली. उडायच्या परवानग्या मालकांची माणसं बघणार होती, बाकीचं आमच्याकडं. तो सुट्टी काढून आला की आम्ही दोघं मोटारसायकलवरून जोयड्याला, तालुक्याच्या कचेऱ्यांत जायचो, एकदा कारवारलाही गेलो. वनखात्याच्या साहेबांनी नकाशा पसरून आमचा डोंगर कुठं येतो ते नीट बघितलं. तो वाघांच्या राखीव जंगलाच्या बाहेर, गावच्या गायरानात निघाला. साहेब म्हणाले, "अणशीकडचा डोंगर असता तर मी तुम्हांला बसा पण म्हटलं नसतं." मग चहा मागवला.

कचेऱ्या झाल्यावर गावकऱ्यांची बैठक झाली. कुणाचं म्हणणं गुरं बुजतील, कुणाचं म्हणणं कौलं उडतील. ते सगळं जावयानं समजावलं. पण एका म्हाताऱ्यानं विचारलं, "ते सगळं ऱ्हाऊं दे. देवाला इचारलंय का?"

देवाला विचारलं नव्हतं. मग एका सोमवारी गावच्या देवळात कौल लावला. गुरवानं देवाच्या अंगावर ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि सगळे गप्प बसून बघायला लागले. उजवीकडची पाकळी पडली तर देवाचा होकार. जावई माझ्या शेजारी मांडी घालून बसला होता आणि त्याची नजर पाकळीवरून हलत नव्हती. बराच वेळ काही झालं नाही. मग उजवीकडची पाकळी पडली आणि त्यानं एवढा मोठा श्वास सोडला की पुढचे दोघं मागं वळून बघायला लागले. बाहेर आल्यावर म्हणाला, "मामा, बाकी परवानग्यांना एवढी भीती वाटली नाही."

लग्नाच्या आठवड्यात मुलगी आली, जावईही आला, आणि हेलिकॉप्टरमधे कोण बसणार ते ठरवायला आम्ही बसलो. मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "जावई आमच्याबरोबर चालत येतील. वरती नवऱ्यानं नवरीची वाट बघावी, ते बरं दिसतं."

मुलगी माझ्याकडं बघून हसायला लागली. "उलटी होते म्हणून ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"त्याच्या सगळ्या मित्रांनी. पहिल्याच महिन्यात. तो कधी सांगतो ते मी बघत होते."

जावई लाजून बाहेर गेला आणि उगाच म्हशीला वैरण घालायला लागला.

मग हेलिकॉप्टरमधे मुलगी, तिची आई, मामा आणि करवली म्हणून मामाची मुलगी, एवढे चौघं ठरले. पायलटनं सगळ्यांची वजनं मागवली होती. आमच्याकडं वजनाचा काटा कुठला? शेवटी सगळे भाताच्या गिरणीवर गेलो. पोती मोजायच्या काट्यावर मेव्हणा उभा राहिला तेव्हा गिरणीवाल्यानं आकडा बघून पुन्हा एकदा काटा तपासला. मेव्हणा म्हणाला, "आत्ताच जेवून आलोय." बायको काट्यावर चढायलाच तयार नव्हती. शेवटी तिनं अट घातली की सगळ्यांनी पाठ करायची आणि आकडा फक्त जावयानं वाचायचा. आम्ही सगळे भिंतीकडं तोंड करून उभे राहिलो. जावयानं आकडा वाचला आणि पायलटला कळवला. मला तो आजवर कळलेला नाही.

बायकोची भीती मात्र गेली नव्हती. हळदीच्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "अवो, ते वर गेलं आनि बंद पडलं तर?"

"तुझा जावईच ते दुरुस्त करतो की."

"पर त्यो तर खाल्ती असनार न्हवं?"

मी तिचा हात धरून बसलो. तिच्या हाताला हळद होती, ती माझ्या शर्टाला लागली.

लग्नाच्या दिवशी आम्ही उजाडायला डोंगराच्या वाटेला लागलो. नवरा, त्याचे आईवडील, भटजी, सनई आणि ताशावाले, आणि मी. सतरंजी, पाण्याचे कॅन, झेंडूचे हार, होमाची लाकडं असलं सगळं सामान गावच्या पोरांनी आदल्या दिवशीच वर नेऊन ठेवलं होतं. विहीणबाई माझ्याही पुढं चालत होत्या. त्यांना मराठी फारसं येत नव्हतं आणि मला कन्नड बऱ्यापैकी येतं, त्यामुळं वाटेत आमची गाडी चांगली चालली. त्यांनी मला सांगितलं की मुलगा लहानपणी घरातला रेडिओ उघडून बसायचा आणि बंद करताना एखादा स्क्रू हमखास उरायचा. मी म्हटलं, ही गोष्ट नवरीच्या आईला आज सांगू नका.

वर पोचलो तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. सडा झाडून लख्ख केला होता, मधोमध चुन्याचा मोठा गोल काढला होता, आणि नारंगी पिशवी काठीवर हलके हलके हलत होती. सतरंजी देवासमोर अंथरली. भटजींनी मांडामांड केली. खालच्या शाळेच्या मैदानावरून हेलिकॉप्टर उठायचं होतं, तिथून इथं यायला चहा पिण्याइतकाही वेळ लागणार नव्हता.

आणि मग दरीतून ढग वर यायला लागला. फेब्रुवारीत आमच्याकडं सकाळचं धुकं पडतं, पण ते दरीत पडतं आणि दरीतच विरतं. त्या दिवशी ते उठलं आणि सड्यावर येऊन बसलं. आधी पलीकडची झाडं गेली, मग चुन्याचा गोल गेला, मग दोन हातांवर उभ्या असलेल्या ताशावाल्याचा नुसता ताशाच दिसायला लागला. नारंगी पिशवी ओली होऊन लोंबत होती.

तेवढ्यात आवाज आला. हेलिकॉप्टर आमच्या डोक्यावर कुठंतरी होतं. आवाज जवळ यायचा, लांब जायचा, पुन्हा जवळ यायचा. त्यात माझी बायको होती, माझी मुलगी होती. मी देवाच्या दगडाला हात लावून उभा राहिलो. जावई सड्याच्या कडेला एकाच कोपऱ्यात फोन लागतो तिथं धावत गेला. मुंडावळ्या तोंडावर येत होत्या, त्या त्यानं कानामागं सारल्या. पायलटशी तो इंग्रजीत बोलला आणि त्यातलं मला एवढंच कळलं की तो सारखा 'नो, नो' म्हणत होता.

मी जवळ गेलो. "काय म्हणतोय?"

"तो विचारतोय अजून थोडा वेळ थांबू काय, ढग फाटला तर उतरतो. मी सांगितलो, नको. परत जा. शाळेच्या मैदानावर उतर."

"अहो, पण मुहूर्त..."

"मामा, दिसत नसताना इथं उतरायचं नाही. आत तुमची माणसं आहेत." मग म्हणाला, "माझी पण आहेत."

महिनोन् महिने त्यानं हा दिवस आखला होता. दगड न् दगड उचलला होता. आणि ते सगळं सोडून द्यायला त्याला एक श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नाही. चेहऱ्यावर राग नव्हता, तक्रार नव्हती. आवाज लांब जाऊन अगदी थांबेपर्यंत तो फोन कानाला लावून उभा राहिला. उतरले असा निरोप आल्यावर मात्र तो खाली उकिडवा बसला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्या घडीला माझ्या मनातलं खानापूरचं स्थळ कुठल्या कुठं गेलं. मुलीनं हा माणूस निवडला याचा मला अभिमान वाटला आणि मी स्वतः याच्यापेक्षा बरा निवडला नसता हेही कळलं.

फोन पुन्हा वाजला. मुलगी होती. "बाबा, मी चालत वर येते."

"शालू नेसून? आणि तुझी आई?"

पलीकडं तिचं आईशी बोलणं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "मग तुम्ही सगळे खाली या."

भटजी घड्याळ बघत होते. मी त्यांच्याकडं बघितलं. ते म्हणाले, "हा मुहूर्त तर गेला. पण दुपारी अभिजित मुहूर्त आहे, तो कुणाची वाट अडवत नाही. चला."

आणि वऱ्हाड डोंगर उतरायला लागलं. सामान तिथंच टाकलं. भटजींनी अंतरपाट आणि पंचांग बगलेत मारलं. वाट ओली झाली होती. जावयाच्या पायात लग्नाच्या नव्या कोल्हापुरी चपला, त्या घसरायला लागल्या तेव्हा त्यानं काढून हातात घेतल्या. एका खड्या उतारावर मी त्याचा हात धरला आणि पुढच्या वळणावर त्यानं माझा. विहीणबाईंनी पदर खोचला आणि सनईवाल्याला कन्नडमधे म्हणाल्या, "गप्प का चाललास? वाजव की!" मग धुक्यातून सनई वाजत निघाली. आम्हांला पुढचा माणूस दिसत नव्हता, पण खाली गावात सगळ्यांना कळलं की वऱ्हाड उतरतंय.

खाली ऊन पडलं होतं. शाळेच्या मैदानावर अख्खा गाव लोटला होता, कारण हेलिकॉप्टर बघायचं होतं. जेवणाचा मांडव सोडून आचारीसुद्धा झारा घेऊन आले होते. मधोमध हेलिकॉप्टर उभं, त्याच्या शेजारी मुलगी शालू सावरून उभी, आणि तिच्याजवळ बायको. बायकोचा चेहरा असा काही फुलला होता की मी जावयाला सोडून आधी तिच्याकडं गेलो.

"भ्यालीस का?"

"म्या? तुमच्या मेव्हण्याला इचारा. डोळं मिटून करवलीचा हात धरून बसल्यालं."

मेव्हणा म्हणाला, "आता ते कशाला काढतीस?"

गावकऱ्यांनी शाळेतले बाक आणून ठेवले, सतरंजी वर राहिली म्हणून मांडवातली ताडपत्री अंथरली, आणि हेलिकॉप्टरच्या पुढ्यातच अंतरपाट धरला. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. पहिल्या अक्षता पडल्या मात्र, अंतरपाटाच्या पलीकडून नवऱ्याचा आवाज आला, "थांबा, थांबा! इंजिनमधे तांदूळ जाईल!"

भटजी म्हणजे थांबलेच. पायलटही धावत आला. मग सगळं लग्न जसंच्या तसं उचललं, ताडपत्रीसकट, आणि मैदानाच्या कडेला फणसाच्या झाडाखाली नेलं. अंतरपाट धरणाऱ्या दोघांनी तो न सोडता तसाच धरून आणला, म्हणजे नवरानवरीला एकमेकांचं तोंड दिसू नये. अंतरपाटाच्या अलीकडं मुलगी हसत होती, पलीकडं जावई हसत होता, आणि मधला कपडा हलत होता. पुढच्या मंगलाष्टकाला माझे डोळे भरून आले. बायकोनं बघितलं आणि आपला पदर माझ्याकडं सारला. भर गावासमोर तिनं असं कधी केलं नव्हतं.

जेवणात कंदाची भाजी होती, जोयड्याच्या बाजारातून पोतंभर आणलेल्या कंदांची. धारवाडच्या पाहुण्यांनी ती मागून मागून घेतली. पायलटलाही पंगतीत बसवला. त्याला दुपारीच परत निघायचं होतं. जाताना हेलिकॉप्टर उठलं तेव्हा मांडवाचं एक टोक फाटलं आणि पोरांनी आरोळ्या ठोकल्या.

संध्याकाळी बायका बायकोभोवती गोळा झाल्या आणि ती सांगायला लागली. ढगाच्या वरून बघितलं तर सगळा कापूस पसरल्यागत, मधे मधे डोंगरांची टोकं. मग पायलटनं एक लांब फेरी मारली, तेव्हा रेल्वेची लाइन दिसली, खानापूरकडचा रस्ता दिसला, आणि त्याच्याही पलीकडं तळं आणि देवळाचा पांढरा ठिपका. तिनं मेव्हण्याला हलवून म्हटलं होतं, दादा, बग की, आपलं घर. पण दादानं डोळे उघडलेच नाहीत. "माझं म्हायार वरनं बगितलं मी," ती म्हणाली. "कुनालाबी सांगितलं तर खरं वाटनार न्हाई." एका बाईनं विचारलं, "आनि काय दिसलं?" बायको म्हणाली, "आई भांडी घासायची ती पडवी दिसंल म्हनून लई बगितलं. एवढं काय दिसत न्हाई वो."

चार दिवसांनी मुलगी आणि जावई मांडवपरतणीला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी जावई म्हणाला, "मामा, वरचं सामान तसंच हाय नव्हे?" तसंच होतं. मग मी, तो आणि मुलगी असे तिघं चढलो. आभाळ निवळलं होतं आणि वारा नव्हता. झेंडूचे हार गुरांनी खाल्ले होते. एक पाण्याचा कॅन वाऱ्यानं गडगडत जाऊन कड्याच्या झुडपात अडकला होता, तो जावयानं काढला. सतरंजी देवासमोर जागच्या जागी होती, पण दवानं भिजून एवढी जड झाली होती की उचलवेना. मुलीनं नारळ फोडून देवापुढं ठेवला. मग आम्ही तिघांनी मिळून सतरंजी दगडावर उन्हात वाळत घातली, आणि ती वाळेपर्यंत खोबरं खात तिथंच बसून राहिलो.